छप्पन एपीओ आणि फोटोतला पत्ता

नंबर, नाव, युनिट, द्वारा 56 एपीओ. एवढ्या पत्त्यावर आईची पत्रं मला तीन वेगवेगळ्या राज्यांत मिळाली. पोरगा नेमका कुठल्या डोंगरावर आहे हे तिला कधी कळलं नाही, आणि तेच अपेक्षित होतं.

ही काळजी जुनीच. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या शिपायांची पत्रं सेन्सॉरवाले उघडून वाचत. शिपाईही वस्ताद! हिंदी शिपायांना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरची' म्हणून लिहीत. सेन्सॉरनं तेही ओळखलं, ती गोष्ट वेगळी.

पत्रावर सेन्सॉर बसवता येतो, फोटोचं काय? 1995 साली जपानमध्ये एक्झिफ नावाची पद्धत ठरली. कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ असं सगळं फोटोच्या फाइलमध्येच लिहायचं. हेतू साधा, फोटो काढणाऱ्याची सोय. पुढे फोनमध्ये जीपीएस आलं आणि अक्षांश-रेखांशही त्याच फाइलमध्ये जाऊन बसले.

2007 मध्ये इराकमधल्या एका अमेरिकन तळावर नवी हेलिकॉप्टरं उतरली. जवानांनी हौसेनं फोटो काढून इंटरनेटवर टाकले. शत्रूनं त्या फोटोंतून तळावरची नेमकी जागा काढली, मॉर्टर डागले आणि चार अपाची नष्ट केली. हे अमेरिकन सैन्यानंच 2012 मध्ये सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात बेलीझमधून पळालेला जॉन मॅकॅफी एका मासिकाच्या फोटोमुळे ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. अँटीव्हायरस विकून श्रीमंत झालेला माणूस!

मला हसायचा हक्क नाही. गेल्या हिवाळ्यात एका ट्रान्झिट कॅम्पमधून बर्फाचा आणि चहाच्या मगाचा फोटो घरी पाठवला. पुतण्या म्हणाला, "काका, क्वालिटी फुटते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. हे मला तेव्हा कुठं ठाऊक? दहा मिनिटांत त्याच्याकडून नकाशा आला. लाल टाचणी आमच्या लंगरपासून पन्नास पावलांवर.

त्या रात्री कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद केलं. जुना एकेक फोटो उघडून खालची माहिती तपासत, पुसत बसलो. पुतण्याला त्याच्याकडचा फोटो खोडायला लावला आणि तोच पुन्हा पाठवला, या वेळी स्क्रीनशॉट काढून.

"क्वालिटी फुटली, काका," म्हणाला.