हवाई दलाच्या चौदा वर्षे आधी : मुंबईकर वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर

१/ भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली, हे आपण सर्वांनी वाचलेले असते. परंतु फ्रान्समधील हँगार्ड या लहानशा गावाच्या दफनभूमीत एका मुंबईकर लढाऊ वैमानिकाची कबर आहे आणि त्याचा मृत्यू झाला ३० जून १९१८ रोजी. भारताला स्वतःचे हवाई दल मिळण्यापूर्वी चौदा वर्षे हा माणूस विमान उडवायला कोठे शिकला? आणि त्याला शिकू कोणी दिले? आजचा धागा या दोन प्रश्नांविषयी.

२/ त्यांचे नाव श्रीकृष्ण वेलिणकर. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे मधले नाव कोठे ‘चंदा’ तर कोठे ‘चंदर’ असे आढळते. शिक्षणासाठी ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले होते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि इंग्लंडातील महाविद्यालये ओस पडू लागली. बरोबरीचे विद्यार्थी एकामागून एक सैन्यात निघून जात असताना तेथील भारतीय तरुणांपुढे प्रश्न उभा राहिला : आपले काय?

३/ आपल्याकडे त्या वेळी विमानविद्या शिकण्याची सोयच नव्हती. जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब या दोन्ही गोष्टी १९२८ च्या. जे. आर. डी. टाटांनी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. त्यापूर्वी ज्याला उडायचे असेल, त्याला समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

४/ वेलिणकरांनी लंडनलगतच्या मिडलसेक्स परगण्यातील एका विमानविद्यालयात शिक्षण घेतले. परवान्याची त्या काळची परीक्षा आज ऐकायला सोपी वाटते : आकाशात इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे वळणे घ्यायची, ठरावीक उंची गाठायची आणि जमिनीवरील खुणेजवळ अचूक उतरायचे. मात्र विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि तारांचे जाळे. वैमानिकाला पॅराशूट दिले जात नसे.

५/ आणि शिक्षक? तो इंग्रज. इंजिनाच्या गडगडाटात त्याचे बोलणे विद्यार्थ्याला जेमतेम ऐकू येई. खांद्यावर थाप, हाताची खूण आणि कानाशी ओरडून सांगितलेला एखादा शब्द, एवढ्यावर धडा चाले. या अवस्थेवर उपाय काढला तो रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने. १९१७ साली गॉस्पोर्ट येथे त्याने शिकवण्याची पद्धतच बदलली. दुहेरी नियंत्रणे असलेले अ‍ॅव्हरो विमान वापरात आणले आणि शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक नळी बसवली. धोक्याच्या कसरती टाळण्याऐवजी त्यांतून सावरायला शिकवायचे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. जगभरातील विमानशिक्षणाने पुढे हाच मार्ग धरला.

६/ परंतु वेलिणकरांपुढील खरी अडचण आकाशात नव्हती, भरतीच्या कचेरीत होती. ब्रिटिश सैन्यात राजाची सनद, म्हणजे पूर्ण अधिकाऱ्याचा दर्जा, हा युरोपीय वंशाच्या लोकांचाच हक्क मानला जाई. भारतीय अधिकारी असत, पण त्यांचा दर्जा सर्वांत कनिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याच्याही खाली. वैमानिक हा बहुधा अधिकारीच असे. त्यामुळे उड्डाण शिकलेल्या वेलिणकरांना सुचवण्यात आले की त्यांनी विमानदलात यांत्रिक म्हणून भरती व्हावे. विमान दुरुस्त करण्यास हरकत नाही. ते उडवू नये.

७/ हा अनुभव त्यांच्या एकट्याचा नव्हता. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होते. ब्रिटिश विमानदलाची दारे बंद दिसताच ते फ्रान्सच्या रेडक्रॉसमध्ये रुग्णवाहिका चालवू लागले आणि पुढे फ्रेंच विमानदलाने त्यांना घेण्याची तयारी दाखवली. तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डमधील प्राध्यापकांनी विमानदलाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना लिहिले : जो भारतीय आपल्याला चालत नाही, तो फ्रेंचांना चालतो, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. १९१७ च्या वसंतात मलिकांना सनद मिळाली. फेट्यावर बसेल असे मोठे शिरस्त्राण घालून ते उडू लागले.

८/ त्याच वर्षी कोलकात्याचे इंद्रलाल रॉय आणि एरोल सेन हेही दाखल झाले. वेलिणकरांनाही अखेर अधिकारपद मिळाले. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतीयांना राजाची सनद देण्याचे तत्त्व सरकारने जाहीरपणे मान्य केले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दार उदारपणामुळे उघडले नाही. पश्चिम आघाडीवर वैमानिक झपाट्याने मारले जात होते, सरकारला माणसे हवी होती, आणि नकार मिळूनही माघारी न फिरलेले काही तरुण नेमके त्या वेळी दाराशी उभे होते.

९/ वेलिणकरांची नेमणूक फ्रान्समधील तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये झाली. या तुकडीकडे १९१८ मध्ये सॉपविथ डॉल्फिन हे नवे विमान आले होते. त्याचा वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकवलेला होता आणि वैमानिकाचे डोके त्या पंखातील मोकळ्या चौकटीतून वर येई. त्यामुळे वरचे आकाश उत्तम दिसे. पण उतरताना विमान उलटले तर सर्वांत आधी आपले डोकेच जमिनीवर आपटेल, अशी धास्ती वैमानिकांना असे.

१०/ २७ जून १९१८ रोजी वेलिणकर गस्तीवर निघाले आणि परतले नाहीत. त्यांचे विमान पाडले गेले होते. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. तीन आठवड्यांनंतर, २२ जुलैला, इंद्रलाल रॉयही पडले. तेव्हा त्यांच्या नावावर दहा हवाई विजय होते आणि वय होते अवघे एकोणीस. सेन त्याआधीच, १९१७ मध्ये, युद्धकैदी झाले होते. मलिक जखमी झाले, पण वाचले.

११/ युद्ध संपले आणि उघडलेले दार पुन्हा लोटले गेले. चार भारतीय काय करू शकतात हे सिद्ध झाले असूनही पुढील दहा-बारा वर्षे विमानदलात भारतीय अधिकारी घडवण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. मलिक मुलकी सेवेत गेले. १९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने हवाई शाखेत भारतीयांना अधिकारी म्हणून प्रवेश द्यावा, अशी शिफारस केली. १९३० मध्ये पहिले भारतीय उमेदवार इंग्लंडात क्रॅनवेल येथे रवाना झाले. शिक्षण पुन्हा परदेशीच, शिक्षक पुन्हा इंग्रजच. फरक एवढाच की या वेळी त्यांना सरकारने पाठवले होते. त्यांतलेच सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

१२/ आज भिवंडीहून निघालेली व्यक्ती काही तासांत जुहूच्या धावपट्टीपाशी पोहोचते. उड्डाण शिकण्यासाठी महाराष्ट्राबाहेरही जावे लागत नाही. वेलिणकरांच्या वाट्याला हे अंतर मुंबई ते केंब्रिज, केंब्रिज ते मिडलसेक्स आणि तेथून फ्रान्स असे आले. आणि त्यातला सर्वांत अवघड टप्पा होता तो भरतीच्या कचेरीचा उंबरठा.

१३/ ते साम्राज्याच्या गणवेशात, साम्राज्याच्या युद्धात पडले, म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या इतिहासात त्यांना ठळक जागा मिळाली नसावी. त्यांची कोणासाठी लढण्याची निवड आपल्याला पटो वा न पटो, ‘भारतीय माणूस विमान उडवू शकतो का?’ या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या पहिल्या चौघांत एक मुंबईकर होता, ही नोंद आपल्याकडे असायला हवी. समाप्त.