त्याच्या नावानं

१९७१च्या डिसेंबरात गावात तार आली, तेव्हा पोस्टमननं ती आधी शाळेच्या गुरुजींच्या हातात दिली. इंग्रजी वाचणारे गावात ते एकटेच. रिसोड तालुक्यातलं आमचं गाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडायचं. वाशिम जिल्हा झाला तो पुढं, १ जुलै १९९८ला. गुरुजींनी तार वाचली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पोस्टमनला म्हणाले, ‘‘कापसाची वेचणी चालू आहे त्यांची. दिवस मावळू दे, मी जातो.’’ दुपारभर गुरुजी पोरांना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभे होते, हे मोठ्या काकांनी स्वतः पाहिलेलं. ते तेव्हा चौथीत होते.

पुढचं आजी सांगायची. ‘‘त्या राती गल्लीत कोनाच्याच घरी चूल नाई पेटली, बापू. लेकरायले शेजारच्या आळीतून भाकरी आली.’’

ज्या घरी तार आली ते आमच्यापासून तिसरं. मुलगा पंचविशीच्या आतला, लग्नाला दोन वर्षं झालेली. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून गावात राहतात आणि त्यांना विचारल्याशिवाय ते छापणं बरं नाही. पण गावात आजही ते नाव रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी येतं. ते तोंडी कसं राहिलं, त्याचीच ही हकिगत आहे.

आजच्या वाचकाला एक गोष्ट सांगावी लागते. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत मरण पावलेल्या जवानाचं पार्थिव सहसा गावी येत नसे. अंत्यसंस्कार तिकडंच, आघाडीजवळ. घरी यायची ती तार, नंतर कमांडिंग ऑफिसरचं पत्र आणि काही महिन्यांनी सामानाची ट्रंक. ही ट्रंक मीटरगेजच्या गाडीनं वाशिम स्टेशनला उतरली. त्याचे वडील बैलगाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले. अंगणात सगळी आळी जमली. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर. आत कांबळं, दाढीचं सामान, इनॅमलचा मग, कडेला टवका गेलेला, पत्रांची सुतळीनं बांधलेली जुडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पोपटी लुगडं. लुगडं बायकोसाठी घेतलं होतं की आईसाठी, हे कुणालाच कळेना. दोघी एकमेकींकडं सरकवत राहिल्या, असं आजी सांगायची, आणि इथं पोचली की ती पदराशी चाळा करत बराच वेळ काही बोलायची नाही.

पुढच्या गुढीपाडव्याला वडिलांनी एसटीच्या थांब्यावर, कडुनिंबाखाली, तीन रांजण पुरले. पाणपोई. वऱ्हाडातला उन्हाळा ज्यानं अंगावर घेतलाय त्याला तिचं मोल सांगायला नको. पाडव्याला सुरू, मृग लागला की बंद. पाणी आई भरायची, लांबच्या विहिरीवरून, भल्या पहाटे. इनॅमलचा मग साखळीनं रांजणाला बांधलेला. कारंज्याला, पोहरादेवीला जाणारे लोक पाणी प्यायचे आणि विचारायचे, ‘‘कोनाची हो पाणपोई?’’ आई नाव सांगायची. आजीचं म्हणणं असं की त्या बाईनं वर्षभरात कुणाजवळ रडून दाखवलं नाही. पण त्या थांब्यावर परक्या माणसांना ती मुलाच्या लहानपणापासूनचं सगळं सांगायची. आळीतल्या बायकांना ते तोंडपाठ होतं. तिला रोज नवा ऐकणारा लागायचा, आणि एसटी तो आणून द्यायची.

बायकोची गोष्ट मात्र आजी हळू आवाजात सांगायची. वर्षश्राद्ध झालं आणि घरातून निघालं, की दिराशी पाट लावून टाकू. पेन्शन घरात राहील, सूनही घरात राहील. दीर तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ही केवळ आमच्या गावातली रीत नव्हती. शौर्यपदक मिळवून गेलेल्या जवानाच्या विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर पदकाचा भत्ता चालू राहायला ते लग्न मृत पतीच्या भावाशीच झालेलं असावं, ही अट सरकारी नियमातच होती. संरक्षण मंत्रालयानं ती काढून टाकली नोव्हेंबर २०१७मध्ये. एकविसाव्या शतकातली सतरा वर्षं उलटेपर्यंत बाई आणि भत्ता एकाच दाव्याला बांधलेले होते, याची मला आजही चीड येते.

ती नाही म्हणाली. मंगरुळपीरकडच्या माहेरी गेली, राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. सासरशी बोलणं तुटलं ते तुटलंच. पण नोकरी लागल्यावर तिनं आमच्या गावच्या शाळेला पत्र लिहिलं आणि नवऱ्याच्या नावानं पोस्टात ठेव ठेवली. तिच्या व्याजातून दर १५ ऑगस्टला सातवीत पहिल्या आलेल्या मुलाला किंवा मुलीला बक्षीस. माझ्या थोरल्या बहिणीला ते मिळालं होतं: कंपासपेटी आणि एक शब्दकोश. सासरची माणसं त्या कार्यक्रमाला कधी आली नाहीत. एकाच माणसाच्या नावानं गावात दोन कामं चालू होती आणि ती करणाऱ्या दोन बायका एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. दुःख माणसांना जवळ आणतं असं सगळे म्हणतात. मी तरी आमच्या आळीत ते तसं पाहिलं नाही. दोघींनी आपापल्या परीनं ते निभावलं.

पार्थिव गावी न येण्याची ती रीत कारगिलच्या युद्धानं बदलली. १९९९च्या त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव पोचू लागल्या. वाशिम जिल्हा तेव्हा पुरता वर्षाचाही झाला नव्हता. अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटू लागली, टीव्हीचे कॅमेरे आले, मदतीचे आकडे आले. फेब्रुवारी २०१९मध्ये पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यांतले दोघे आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. राज्य सरकारनं प्रत्येक कुटुंबाला ५० लाख जाहीर केले. हे हवंच होतं. १९७१च्या त्या घरापुढं कुणी शंभराची नोट घेऊनही उभं राहिलं नव्हतं, हे ऐकत मोठा झालेला माणूस मदतीला कमी लेखणार नाही.

पण आमच्याकडचे एक निवृत्त हवालदार, ज्यांनी तालुक्यातल्या अनेक घरांची कागदपत्रं जुळवून दिली, ते सांगतात त्याकडं कान द्यायला हवा. ‘‘पहिल्या महिन्यात घरात बसायला जागा नसते. दुसऱ्या वर्षी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बाई एकटी येते, नावातली एक वेलांटी चुकली म्हणून.’’ आधार कार्डावर एक नाव, सर्व्हिस बुकात दुसरं, लग्नाची नोंदच नाही. सासू-सुनेत पैशाचा तंटा. आणि वर्षातून दोनदा सत्काराचं बोलावणं. मी असा एक सत्कार पाहिलाय. वीरमाता, वीरपत्नी दुपारी दोनपासून मांडवात, पाहुणे साडेपाचला. शाल, श्रीफळ, फोटो. शालीची घडी मोडायच्या आत पुढचं नाव पुकारलं. त्या बायकांना तिथं बोलायला कुणी सांगितलं नाही. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त होतं, त्यांना फक्त घ्यायला बोलावलं होतं.

घेणाऱ्याच्या जागेवरून उठून देणाऱ्याच्या जागेवर बसलेली घरं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. विलेपार्ल्याचे कॅप्टन विनायक गोरे १९९५मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. पार्ल्यातल्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. पण त्यांच्या आईनं, अनुराधा गोरे यांनी, केलेलं काम मला पुलापेक्षा मोठं वाटतं. त्या शिक्षिका. त्यांनी ‘वारस होऊ अभिमन्यूचे’, ‘ओळख सियाचेनची’ अशी पुस्तकं लिहिली, शाळाशाळांतून व्याख्यानं दिली आणि आपल्या मुलाबरोबर इतरांच्या मुलांच्याही कथा सांगितल्या. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१मध्ये राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१च्या अपघातात गेले. कविता आणि अनिल गाडगीळ या आई-वडिलांनी हवाई सुरक्षेसाठी त्याच्या नावानं संस्था उभी केली आणि वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवणारं केंद्र चालवलं. दुसऱ्याच्या मुलानं सुखरूप उतरावं म्हणून. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७मध्ये स्वतः लेफ्टनंट झाल्या. ज्या वर्षी दिराची ती अट रद्द झाली, तेच हे वर्ष.

या माणसांकडं शिक्षण होतं, शहर होतं, ओळखी होत्या. आमच्या गावातल्या आईजवळ तीन रांजण होते. तरी मला या कामांची जात एकच दिसते. म्हणून मदत करणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की चेक द्या, तो लागतो. पण त्या घराला काय सुरू करायचं आहे तेही विचारा. कुणाला शाळेत नळ बसवायचा असतो, कुणाला भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी धावायचं मैदान हवं असतं. पाण्याच्या टाकीचा खर्च लाखांत जात नाही. तिथं हात लावा, ग्रामपंचायतीच्या खेपा घाला, आणि काम त्यांच्या हातात राहू द्या.

पाणपोई आता नाही. थांब्यावर ग्रामपंचायतीचं फिल्टर बसलंय. मास्तरीणबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ठेवीच्या व्याजात हल्ली कंपासपेटीही येईना, तेव्हा बक्षीस मिळवलेल्या जुन्या मुलांनी वर्गणी काढून ठेव वाढवली. माझी बहीण ते कळवायला बाईंकडं गेली. त्यांनी पैसे किती जमले ते विचारलंच नाही. बक्षीस देण्याआधी तो कोण होता हे पाच मिनिटं सांगायचं, आणि मोठ्यांनी नाही, सातवीतल्या कुणीतरी, एवढी अट घातली. गेल्या ऑगस्टला हे काम एका मुलीकडं आलं. माहिती गोळा करायला तिनं आधी बाईंना फोन केला आणि मग ती आपणहून आमच्या आळीतल्या त्या तिसऱ्या घरी गेली. तिथल्या पुतण्यानं तिला ट्रंक उघडून दाखवली.