गावऱ्हाटी (वेंगुर्ले परिसर)

गावऱ्हाटी : गावातील देव, घराणी, जमीन आणि मानपान यांना एका वहिवाटीत बांधणारी दक्षिण कोकणातील पारंपरिक ग्रामव्यवस्था. ‘रहाटी’ म्हणजे रीत, चालत आलेली वागणूक. या व्यवस्थेतील देवकार्याला ‘देवस्की’ म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्हा (स्थापना १ मे १९८१) आणि लगतचा उत्तर गोवा हे तिचे मुख्य क्षेत्र होय. या नोंदीतील उदाहरणे प्रामुख्याने वेंगुर्ले तालुक्यातील आहेत.

भूमी आणि मूळ वस्तीकर : वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरी. तालुक्यातील इतर अनेक गावांतही हीच देवी ग्रामदेवता आहे. तिचे मूळ रूप वारूळ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात वारुळाचा अर्थ भूमीच्या सर्जनशक्तीचे प्रतीक असा लावला आहे. नांगरण्याआधीच्या, माणसाने हात न लावलेल्या मातीची ही देवी आहे. ज्या घराण्याने पहिल्यांदा रान तोडून वस्ती केली, त्याच्याकडे तिच्या पूजेचा पहिला मान जातो. त्या घराण्याचा आद्य पूर्वज, म्हणजे ‘मूळपुरुष’, पाषाणरूपाने पुजला जातो. मराठीत ‘कूळ’ म्हणजे घराणे आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. गावऱ्हाटीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात : गावाचा धनी देव आणि प्रत्येक घराणे त्याचे कूळ.

घर आणि पूर्वज : भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, तरी देव वाटले जात नाहीत. पुष्कळ घराण्यांत चवथीचा गणपती मूळ घरातच येतो आणि मुंबईचे चाकरमानी त्यासाठी गावी परततात. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीची ‘माटवी’ टांगतात. तिला आंब्याचे टाळे, असोला नारळ, सुपारीचे शिपटे, कवंडळ आणि तेरडा बांधतात. पावसाळ्यात रानात आणि परसात जे उगवते, ते सारे तिथे हजर असते. त्यानंतरच्या पितृपक्षात ‘म्हाळ’ घालून पितरांना जेवू घालतात. घरात सतत आजारपण किंवा अडचण आली की कोणत्या पूर्वजाचे किंवा देवाचे देणे राहिले, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो.

गाऱ्हाणे आणि कौल : देवासमोर आपले म्हणणे मांडणे म्हणजे गाऱ्हाणे. घर बांधायचे असो, लग्न ठरलेले असो किंवा म्हैस हरवलेली असो, जाणता माणूस नारळ ठेवून उभा राहतो. आधी ग्रामदेवतेचे, मग मूळपुरुषाचे, शिवेवरच्या राखणदाराचे अशी नावे घेत तो कामाचे कारण सांगतो आणि चुकले-माकले पदरात घेण्याची विनवणी करतो. त्याच्या प्रत्येक विरामाला जमलेले लोक एकसुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एका घराची अडचण त्या दोन शब्दांत गावाची होऊन जाते. देवाचे उत्तर मिळवायची रीत म्हणजे कौल. पाषाणाला पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात आणि उजवीकडचे आधी पडते की डावीकडचे, त्यावरून होकार-नकार ठरतो. काही देवस्थानांत माणसाच्या अंगात ‘अवसर’ येऊनही देव बोलतो, अशी श्रद्धा आहे.

राखणदार आणि शिवेचे देव : गावाची शीव, पाणंद, बांध यांना आपापला राखणदार असतो. आरवलीचा वेतोबा हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो रात्री गावभर फिरून राखण करतो, म्हणून भक्त त्याला मोठ्या आकाराच्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. चालून चालून त्या चपला झिजतात, असे मानले जाते. जयवंत दळवी यांच्या लेखनामुळे आरवली गाव मराठी वाचकांना परिचित झाले. मातोंड-पेंडूरचा घोडेमुख हा ३६० चाळ्यांचा (भूतगणांचा) अधिपती मानला जातो. नवसाचे कोंबडे देण्याच्या प्रथेमुळे त्याची जत्रा ‘कोंब्यांची जत्रा’ म्हणून ओळखली जाते. गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतारी नाटक रंगते. मालवण तालुक्यातील आचरे येथे काही वर्षांच्या अंतराने देवाच्या कौलाने ‘गावपळण’ होते. तेव्हा सारे गाव गुराढोरांसह शिवेबाहेर राहायला जाते.

आफ्रिकेतील साम्य : भूमी आणि पूर्वज यांची अशी सांगड आफ्रिकेतही आढळते; मात्र तेथील असंख्य समाजांना एकच साचा लावता येत नाही. तरी उत्तर घानातील तालेन्सी लोकांचे उदाहरण येथे बोलके आहे. मानववंशशास्त्रज्ञ मेयर फोर्टिस यांनी १९४५च्या ग्रंथात त्यांच्या कुळव्यवस्थेचे वर्णन केले. तेथेही आद्य वस्तीकरांच्या कुळातील ‘तेंदाना’ हा भूमीचा पुजारी असतो, आणि पूर्वजांची वेदी घराण्याला एकत्र ठेवते. केनियाचे विचारवंत जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये अशा पूर्वजांना ‘जिवंत मृत’ म्हटले : घरच्यांच्या आठवणीत नाव आहे तोवर ते कुटुंबाचेच. कोकणातला म्हाळ आणि मूळपुरुषाचा पाषाण यांमागची भावनाही हीच आहे. दोन्हीकडच्या लोकांचा परस्परसंबंध होता, असा याचा अर्थ नव्हे. शेतीवर जगणाऱ्या माणसाला जमीन आणि पूर्वज सारखेच जवळचे वाटतात.

मर्यादा आणि बदल : गावऱ्हाटीतील मान जातीनुसार ठरले. काहींना गाभाऱ्याजवळची जागा मिळाली, काहींच्या वाट्याला फक्त सेवा आली. भाविणींना, म्हणजे देवाला वाहिलेल्या स्त्रियांना, देवाच्या नावाने आयुष्यभर बांधून ठेवणारी प्रथा हा गावऱ्हाटीचा सर्वांत क्रूर भाग होता. १९३४च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बेकायदा ठरली. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानंतर देवस्थाने नोंदणीकृत न्यास झाली आणि मानाचे वाद कचेऱ्यांत व कोर्टांत पोचू लागले. वादांमुळे काही ठिकाणी जत्रा आणि उत्सव बंदही पडले.

मूल्यमापन : देवराईतले झाड न तोडणे, शिवेचा मान राखणे, एका घराच्या अडचणीला साऱ्या गावाने ‘व्हय’ म्हणणे ही गावऱ्हाटीची जपण्यासारखी बाजू आहे. जन्मावरून मान ठरवणारी बाजू सोडून देण्यासारखी आहे. गाऱ्हाण्यांचे शब्द गावागणिक वेगळे असून ते बहुतांशी तोंडीच चालत आले आहेत. जाणती पिढी आहे तोवर ते लिहून ठेवणे, हे प्रत्येक गावाचे काम आहे.