परक्याच्या चुकांतून जन्मलेला कोश

मराठी शिकणारा एखादा परदेशी विद्यार्थी डोळ्यांपुढें आणावा. 'मारणें' या शब्दाचा अर्थ त्यानें कोशांत पाहिला आहे: ताडन करणें, प्राण घेणें. मग त्याच्या कानीं वाक्यें पडूं लागतात. शेजारीं बायका गप्पा मारीत आहेत. आजोबांनीं दुपारीं डुलकी मारली. पोरानें विहिरींत बुडी मारली. पावसानें दडी मारली. सासूनें टोमणा मारला. या गांवांत एवढी हाणामारी कशाची चालली आहे, असा त्या बिचाऱ्याला प्रश्न पडेल. या प्रत्येक वाक्याचा अर्थ त्याला कोणी समजावून दिला, तरी त्याची अडचण संपत नाहीं. 'गप्पा मारल्या' असें म्हणतात, मग 'भाषण मारलें' असें कां म्हणूं नये? भाषण 'ठोकावें' कां लागतें? याचें उत्तर मराठी मनुष्यालाही चटकन देतां येणार नाहीं. "तसें म्हणत नाहींत," एवढेंच तो सांगेल.

परभाषेच्या प्रौढ विद्यार्थ्याची सारी कथा या तीन शब्दांत सांठविली आहे. प्रारंभीं त्याला वाटतें कीं, शब्द पुष्कळ पाठ केले म्हणजे भाषा आली. चार-सहा वर्षें घोकंपट्टी केल्यावर ध्यानांत येतें कीं, मोठमोठे अवघड शब्द मुळींच छळीत नाहींत. छळतात ते लहान लहान शब्द. इंग्रजींत 'पुट' म्हणजे ठेवणें, हें पहिल्या इयत्तेंतच कळतें. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणें सोसणें, हें ठेवण्याच्या अर्थांतून कोणत्या तर्कानें काढावयाचें? 'टेल मी द मीनिंग' हें शुद्ध. मग त्याच धर्तीवर 'एक्स्प्लेन मी द मीनिंग' हें अशुद्ध कां? इंग्रजाला विचारावें, तर तोही तेंच उत्तर देतो: तसें म्हणत नाहींत.

असें उत्तर न देतां या गुंत्याचे धागे जिद्दीनें उलगडणारीं माणसें लंडनच्या विद्वत्सभेंत भेटत नाहींत; भेटतात तीं जपानांत. आणि त्यांच्या श्रमांतून जो इंग्रजी कोश निघाला, त्याची जन्मकथा एखाद्या कादंबरीसारखी आहे.

इंग्रजांनीं आपले कोश आपल्याच लोकांसाठीं रचिले होते. डॉ. जॉन्सन यांचा १७५५ चा कोश, किंवा १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागांनीं प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा महाकोश, हीं दोन्ही प्रचंड कामें खरीं. पण तीं शब्दांचा अर्थ व इतिहास सांगतात. 'एक्स्प्लेन' या क्रियापदापुढें काय यावें आणि काय येऊं नये, हें ज्याला आईच्या मांडीवरच कळलें आहे, त्याला तें कोशानें कशाला सांगावें? उपजत भाषा बोलणाऱ्याला आपल्या भाषेंतील विचित्रपणा दिसत नाहीं. तो दिसतो परक्याला, कारण त्याला तेथें ठेंच लागते.

१८६८ नंतर जपाननें पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्याचा निर्धार केला, तेव्हां यंत्रशास्त्रापासून कायद्यापर्यंत परदेशी अध्यापक मोठ्या पगारांवर बोलाविण्यांत आले. त्यांतच जेम्स मेन डिक्सन हे स्कॉटलंडचे गृहस्थ टोकियोच्या अभियांत्रिकी विद्यालयांत इंग्रजी शिकवीत. आपले विद्यार्थी व्याकरण चोख शिकतात, पण वाक्प्रचारांपाशीं अडखळतात, हें पाहून त्यांनीं मुद्दाम जपानी विद्यार्थ्यांकरितां इंग्रजी वाक्प्रचारांचा एक कोश रचिला. १८९१ सालीं त्याची आवृत्ति लंडनमध्येंही निघाली.

या विद्यालयांतील एक विद्यार्थी साइतो हिदेसाबुरो हे पदवी न घेतांच बाहेर पडले. पण वाक्प्रचारांचें वेड त्यांनीं जन्मभर सोडलें नाहीं. इंग्लंडचा किनारा त्यांनीं कधींही पाहिला नाहीं. टोकियोंतील कांदा भागांत १८९६ सालीं स्वतःची शाळा काढून त्यांनीं अध्यापन आणि वाचन एवढाच संसार मांडिला. इंग्रजीचा प्राण तिच्या उपसर्गवजा अव्ययांत आणि 'गिव्ह', 'टेक', 'गेट' अशा साध्या क्रियापदांत आहे, हें त्यांचें सूत्र. १९१५ सालीं त्यांचा इंग्रजी-जपानी कोश प्रसिद्ध झाला. वाक्प्रचारांना त्यांत प्रधान स्थान होतें आणि तें त्याच्या नांवांतच सांगितलें होतें. १९२९ सालीं ते वारले.

या मार्गावर निराश झालेलेही होते. डिक्सन यांचेच दुसरे विद्यार्थी नात्सुमे सोसेकी हे १८९३ सालीं टोकियोच्या शाही विद्यापीठांतून इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर झाले. १९०० सालीं सरकारनें त्यांना लंडनला पाठविलें. ग्रंथांतील इंग्रजी त्यांना उत्तम येत होतें. पण लंडनच्या सामान्य माणसांची बोली त्यांना उमगेना. तीं दोन वर्षें आपण दुःखांत काढलीं, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें. परत आल्यावर कांहीं वर्षें इंग्रजी शिकवून ते स्वभाषेकडे वळले आणि जपानचे अग्रगण्य कादंबरीकार झाले. जपानी वाङ्मयाचा त्यांत लाभच झाला. पण एवढ्या बुद्धिमान् माणसालाही परभाषेचें दार अर्धेंच उघडावें, ही गोष्ट शिक्षकांना विचार करावयास लावणारी होती.

१९२२ सालीं हॅरल्ड पामर हे इंग्रज अध्यापक जपानच्या शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून टोकियोस आले. पूर्वीं ते बेल्जममध्यें भाषा शिकवीत असत. १९१४ च्या जर्मन स्वारीमुळें त्यांना तेथून निघावें लागलें होतें. १९२३ सालीं टोकियोंत इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था त्यांच्या नेतृत्वाखालीं स्थापन झाली. विद्यार्थ्याला कोणते शब्द आधीं द्यावे, हा तिच्यापुढील पहिला प्रश्न होता.

नेमका हाच प्रश्न त्या वेळीं हिंदुस्थानांतही एका शिक्षकाला पडला होता. मायकेल वेस्ट हे डाक्क्याच्या अध्यापन विद्यालयाचे प्रमुख. बंगाली मुलें वर्षानुवर्षें इंग्रजी शिकूनही साधें पुस्तक सुखानें वाचूं शकत नाहींत, याचें मूळ त्यांनीं शब्दांच्या अनिर्बंध भरतींत शोधिलें. १९३५ सालीं त्यांनीं सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या कोशांत सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या साह्यानें सांगितले होते. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दानें सांगावयाचा, ही जुनी खोड त्यांनीं मोडली. परंतु वेस्ट यांचा भर वाचनावर होता. ज्याला इंग्रजी लिहावयाचें व बोलावयाचें आहे, त्याची भूक निराळी.

ती भूक ओळखणारा मनुष्य जपानच्या एका आडबाजूच्या शहरांत होता. आल्बर्ट सिडने हॉर्नबी यांचा जन्म १८९८ सालचा, चेस्टर येथील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची पदवी घेऊन १९२४ सालीं ते ओइता येथील व्यापारी विद्यालयांत वाङ्मय शिकविण्याकरितां आले. वर्गांत उभे राहिल्यावर त्यांना कळून चुकलें कीं, या मुलांना काव्यनाटकांपूर्वीं भाषाच हवी आहे. त्यांनीं पामर यांच्या संस्थेशीं पत्रव्यवहार सुरू केला, आणि पामर यांनीं त्यांना शब्दसंशोधनाच्या कामांत ओढून घेतलें.

हें काम होतें शब्दांच्या सोबतीचें. मराठींत पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा आणि ऊन कडक. मुसळधार वारा कोणी ऐकला आहे? इंग्रजींतही पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो. असे जोडीनें नांदणारे शब्द सुटे सुटे शिकून उपयोग नाहीं. एकच शब्द समजून ते एकदम उचलले पाहिजेत, असा पामर यांचा सिद्धान्त होता. १९३३ सालीं संस्थेनें अशा शब्दबंधांची मोठी यादी प्रसिद्ध केली; तिच्यामागें हॉर्नबी यांचे श्रम फार होते. १९३६ सालीं पामर मायदेशीं परतले आणि कामाची धुरा हॉर्नबी यांच्याकडे आली.

१९३७ सालीं गेटन्बी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह त्यांनीं कोशास हात घातला. या कोशाची मांडणी विद्यार्थ्यांच्या चुकांवरूनच ठरली असें म्हटलें तरी चालेल. जपानी भाषेंत नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लावावाच लागतो असें नाहीं, आणि 'ए', 'द' यांसारखीं उपपदें तर मुळींच नाहींत. म्हणून कोशांत नामापुढें तें मोजतां येणारें कीं न मोजतां येणारें, याची खूण दिली. मराठी मनुष्यालाही तिची गरज आहेच. चार वडीलधारे चार सल्ले देतात, म्हणून तो इंग्रजींतही 'फोर अॅड्व्हायसेस' लिहून मोकळा होतो. क्रियापदांसाठीं तर त्यांनीं वाक्यरचनेचे २५ साचे ठरविले आणि प्रत्येक क्रियापद कोणकोणत्या साच्यांत बसतें, तें अंकानें दर्शविलें. 'टेल' ज्या साच्यांत बसतें, त्यांत 'एक्स्प्लेन' बसत नाहीं. 'वॉन्ट' पुढें 'टु गो' येतें, 'सजेस्ट' पुढें 'गोइंग' यावें लागतें. "तसें म्हणत नाहींत" हें उत्तर संपलें. कसें म्हणतात, हें आतां पानावर छापलेलें मिळणार होतें.

१९४० सालीं हस्तलिखित पुरें झालें आणि टोकियोच्या कैताकुशा या प्रकाशनसंस्थेकडे गेलें. छपाई चालली असतांनाच, डिसेंबर १९४१ मध्यें जपान आणि इंग्लंड यांच्यांत युद्ध पेटलें. काल वर्गांत शिकविणारे हॉर्नबी आज शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध झाले. पुढल्या वर्षीं उभय राष्ट्रांनीं एकमेकांच्या नागरिकांची अदलाबदल केली, तेव्हां ते जपान सोडून गेले.

इंग्रजी ही तेव्हां तेथें शत्रूची भाषा ठरली होती. १९४३ सालीं तर बेसबॉलच्या खेळांतील इंग्रजी शब्दही हुसकावून त्यांच्या जागीं जपानी शब्द बसविण्यांत आले. अशा काळांत, १९४२ सालीं, शत्रुपक्षाच्या तीन माणसांनीं रचिलेला शत्रूच्या भाषेचा कोश टोकियोंत छापून बाहेर पडला. दोन राष्ट्रांचीं आरमारें एकमेकांना बुडवीत होतीं, आणि इकडे एका राष्ट्राचे जुळारी दुसऱ्याच्या भाषेंतील वाक्प्रचारांचे खिळे जुळवून मोकळे झाले होते. शिक्षक व विद्यार्थी यांनीं मिळून उभें केलेलें काम युद्धाच्या वणव्यांतून असें सहीसलामत निघालें.

हॉर्नबी यांनीं उरलेलीं युद्धवर्षें ब्रिटिश कौन्सिलच्या वतीनें तेहरानला शिकविण्यांत घालविलीं. १९४८ सालीं ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयानें हा कोश हातीं घेतला आणि जपानी आवृत्तीच्या पानांचें छायाचित्रण करून तो नव्या नांवानें प्रसिद्ध केला. १९५२ सालीं त्याच्या नांवांत 'अॅड्व्हान्स्ड लर्नर' म्हणजे प्रौढ विद्यार्थी हे शब्द आले, आणि पुढें याच नांवानें तो जगभर गेला. हिंदुस्थानांतही पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनीं तो वापरला. १९६१ सालीं हॉर्नबी यांनीं आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग एका विश्वस्त निधीला दिला. परदेशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना पुढील शिक्षण घेतां यावें, हा त्याचा हेतु. ज्या वर्गांतून हें धन आलें, त्या वर्गांकडेच त्यांनीं तें वळविलें. १९७८ सालीं ते निवर्तले. कोशाची दहावी आवृत्ति २०२० सालीं निघाली आहे.

मराठी वाचकाला या कथेंत एक ओळखीचा धागा सांपडेल. मराठीचा पहिला भरघोस मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, कॅप्टन मोल्सवर्थ यांनीं कँडी बंधूंच्या आणि मराठी शास्त्रीमंडळींच्या साह्यानें रचिला. १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. तो रचिला गेला मराठी शिकणाऱ्या इंग्रजांकरितां. पण त्यांतील म्हणी, बोलींतील शब्द आणि वाक्प्रचार यांचा सांठा आज मराठी माणूसच कृतज्ञतेनें चाळतो. घरच्या माणसाला जें सांगण्याची गरज वाटत नव्हती, तें पाहुण्यानें विचारलें, आणि म्हणून तें लिहिलें गेलें.

परभाषेंत चूक झाली कीं विद्यार्थी खालीं मान घालतो आणि वर्ग हंसतो. ओइताच्या वर्गांतील त्या मुलांनाही आपल्या चुकांची अशीच लाज वाटली असेल. त्यांचीं नांवें कोशाच्या मुखपृष्ठावर नाहींत. परंतु ते जेथें जेथें अडखळले, तेथें तेथें त्यांच्या शिक्षकानें खूण करून ठेवली, आणि त्या खुणांवरूनच मागून येणाऱ्या सर्वांची वाट सोपी झाली.