वजीर विरुद्ध हत्ती

आपल्या १९७८ च्या दहावीतल्या पुष्कळांना तो डाव आठवत असेल. वर्गाच्या स्पर्धेतला शेवटचा सामना. माझ्याकडे राजा आणि वजीर, त्याच्याकडे राजा आणि हत्ती, पटावर प्यादे एकही नाही. सगळे त्याला म्हणत होते, डाव सोड आता. तो सोडेना. मी शह देत राहिलो, तो निसटत राहिला. घंटा झाली आणि सरांनी डाव बरोबरीत सोडवला. ‘हरलेला डाव उगाच रेटलास,’ असे मी त्याला सगळ्यांदेखत सुनावले आणि परीक्षा होईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

हा शेवट वजीरवाला जिंकू शकतो, हे बुद्धिबळाच्या जगाला फार पूर्वीपासून माहीत आहे. फ्रान्सचा फिलिदोर (हा नावाजलेला संगीतकारही होता) याने १७७७ साली त्याची किल्ली दाखवली. काळा राजा कोपऱ्याजवळ, हत्ती त्याला चिकटून, समोर पांढरा राजा आणि वजीर टपलेले. चाल काळ्याची असली की तो अडकतो. हत्तीला राजाची संगत सोडावीच लागते, मग तीन-चार शहांत वजीर एकाच वेळी राजाला शह देतो आणि हत्तीवरही रोखला जातो. आणि चाल पांढऱ्याची असेल तर? वजीराने दोन शह देत त्रिकोणी फेरी मारायची आणि तिसऱ्या चालीला मूळ घरात परतायचे. पट तोच, पण चाल आता काळ्याची!

खरी अडचण तिथवर पोचण्याची. पण पुस्तके सांगत की हत्तीने राजाजवळच राहावे, बचाव करणारे तसेच खेळत, आणि हरत. त्यामुळे हा शेवट सोपा, असाच समज होता.

तो समज मोडला केन थॉम्प्सन यांनी. ‘युनिक्स’ घडवणाऱ्यांपैकी हेच ते. त्यांनी संगणकाला या चार मोहऱ्यांच्या सगळ्या स्थिती मातेपासून उलट्या दिशेने सोडवायला लावल्या. १९७७ साली, म्हणजे आपण दहावीत असताना, टोरांटोला संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. तिथे हत्तीची बाजू या यंत्राकडे देण्यात आली. पत्रद्वारे बुद्धिबळाचे माजी जगज्जेते हान्स बर्लिनर आणि कॅनडाचे लॉरेन्स डे, दोघांनाही वजीर घेऊन जिंकता आले नाही. यंत्र पुस्तकातले खेळतच नव्हते. हत्तीला ते राजापासून लांब नेई आणि आडव्या ओळीत उभा करून पांढऱ्या राजाची वाट अडवी.

पुढे अमेरिकेचे ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी १०० डॉलरची पैज लावली. देशाचे अजिंक्यपद सहा वेळा मिळवलेला हा माणूस. ५० चालींत एकही मोहरा मारला गेला नाही आणि प्यादेही हलले नाही, तर बरोबरी मागता येते. म्हणून हत्ती ५० चालींच्या आत मारायचा, अशी अट होती. अचूक खेळल्यास ३१ चाली पुरेशा होत्या. ब्राउनना ५० पुरल्या नाहीत. ते पैज हरले, घरी गेले, अभ्यास करून परत आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी हत्ती मारला तो बरोबर पन्नासाव्या चालीला.

हे सारे मी फार उशिरा वाचले, आणि वाचताना आपल्या वर्गातला तो पट डोळ्यांसमोर आला. माझ्या मित्राने हत्ती राजापासून लांब, आडव्या ओळीत नेऊन ठेवला होता. ‘याला साधा बचाव येत नाही,’ म्हणून मी हसलो होतो. त्याला कुणी शिकवले होते, देव जाणे. जिंकता मला येत नव्हते, दोष मात्र मी त्याला दिला.

चुकलो रे. मेळाव्याला पट आणतो आहे. हत्ती तुझा, ५० चाली माझ्या, आणि मोजायला सरांना बसवू.