बंद लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बाहेरून कशी जोडायची? एन्क्लोजर घेण्याआधी हे बघा

लॅपटॉप बंद पडला म्हणजे त्यातले फोटो गेले, असं नसतं. स्क्रीन किंवा मदरबोर्ड गेला तरी हार्ड डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. ती एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबी केबल असलेल्या छोट्या डबीत बसवली की दुसऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी जोडता येते. फक्त योग्य डबी हवी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बेलापूरसारख्या गावात ती ऑनलाइन मागवायची, तर चुकीची आल्यावर परत पाठवण्यात दिवस जातात. (पत्त्यात श्रीरामपूर तालुका जरूर लिहा. बेलापूर म्हटलं की अनेकांना आधी नवी मुंबईच आठवते.)

म्हणून आधी डिस्क बाहेर काढा आणि तिच्यावरचं लेबल वाचा. लॅपटॉपची डिस्क साधारण २.५ इंची, डेस्कटॉपची ३.५ इंची. दोन्हींना आता साटा कनेक्टर असतो. फार जुन्या डिस्कला पिनांची रांग असते, तिला आयडीई एन्क्लोजर लागतं. २.५ इंचीत जाडीही बघा: ७ मिमीच्या डबीत ९.५ मिमीची डिस्क बसत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमसारखी एम.२ पट्टी असते. ती साटा किंवा एनव्हीएमई असू शकते. दिसायला जवळपास सारख्या, पण एकीची डबी दुसरीला चालेलच असं नाही. काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डलाच जोडलेलं असतं, तिथे हा उपाय नाही.

बहुतेक घोळ विजेचा असतो. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टच येतात. त्यामुळे अडॅप्टरशिवाय मिळणारं ३.५ इंची एन्क्लोजर घेऊच नका. २.५ इंचीला अडॅप्टर लागत नाही, पण यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि ३.० पोर्ट ९००. डिस्क फिरते, दिसते आणि गायब होते? केबल आखूड वापरा, मधला हब काढा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा. लाइट जायची शक्यता असेल तर अडॅप्टर इन्व्हर्टरवर ठेवा. कॉपी चालू असताना वीज गेली तर फाइल्स खराब होऊ शकतात.

जोडल्यावर विंडोज कधीकधी ‘डिस्क फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशिअलाइझ करा’ असं सुचवतं. इथे कॅन्सलच दाबायचं. डिस्क मॅकची किंवा लिनक्सची असली तरी विंडोज हेच म्हणतं. बिटलॉकर लावलेला असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती अनेकदा जुन्या लॅपटॉपवरच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुन्हापुन्हा लावून बघू नका. लगेच काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. तिचं झाकण घरी उघडायचं नाही, आत गेलेला धुळीचा कणही तिला पुरतो. आवाज नसेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा, सिनेमे नंतर. केबल ओढण्याआधी ‘इजेक्ट’ दाबा.