खाजणमुखावरील वाळूचा भराव

खाजण सरोवर आणि समुद्र यांना जोडणाऱ्या वाटेत साचणारी वाळू व ती वाट वाहती ठेवण्याचे उपाय. तिरप्या येणाऱ्या लाटा किनाऱ्यालगत वाळू वाहून आणतात. भरती-ओहोटीचे आणि पुराचे पाणी ती मुखाबाहेर लोटते. हा लोट मंदावला की वाळूचा दांडा वाढू लागतो. त्यामुळे लोट तसाच दुबळा ठेवून नुसता उपसा केला, तर उपसलेली जागा लाटा पुन्हा भरून काढतात.

याचा उत्तम पुरावा ओडिशातील चिल्का. तिथले मुख ईशान्येकडे सरकत गेले, वाट लांबली आणि उथळ झाली, पाण्याचा खारेपणा घटला, तण माजले, मासळी रोडावली. 1993 मध्ये चिल्काचे नाव रामसर कराराच्या संकटग्रस्त पाणथळींच्या यादीत गेले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने केलेल्या अभ्यासाच्या आधारे 23 सप्टेंबर 2000 रोजी सिपाकुडा येथे नवे मुख फोडण्यात आले आणि वाट सुमारे 18 किलोमीटरने आखूड झाली. मासळी परतली, 2002 मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आले. भरतीला जवळची वाट मिळाली, हेच या यशाचे खरे कारण मानावे लागते. नवे मुखही सरकतेच, म्हणून त्यावर कायम लक्ष ठेवावे लागते.

दोन्ही बाजूंना दगडी बांध घालून मुख एकदाचे पक्के का करू नये, असे विचारले जाते. पण बांध वाळूचा प्रवासच अडवतो. मद्रास बंदराच्या दक्षिणेला मरिना किनारा रुंदावला आणि उत्तरेला रोयापुरमची जमीन समुद्राने खाल्ली. बांध घालायचाच, तर अडलेली वाळू पलीकडच्या किनाऱ्याला पोचवण्याचा खर्च दरवर्षी सोसावा लागतो; विशाखापट्टणम बंदर उपसलेली वाळू उत्तरेच्या किनाऱ्यावर टाकते.

धरणांत गाळ अडला की मुखे आपोआप मोकळी राहतील, हा दुसरा आक्षेप. उदाहरणार्थ, बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी तेरणा नदी मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते. या खोऱ्यातल्या धरणांत माती थांबते, तसेच मुख धुऊन काढणारे पुराचे पाणीही थांबते. किनाऱ्यालगतची वाळू मात्र लाटांबरोबर येतच राहते. शिवाय नदीकडून भर न मिळालेला त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागतो. मुखाचा आराखडा करताना म्हणूनच धरणातून पावसाळ्यात किती पाणी सोडले जाते, याचा हिशेब उपशाच्या हिशेबाआधी मांडायला हवा.